वास येईनासा झाला की

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर बायकोनं हॉटेलकडून आलेलं पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तो सदऱ्याच्या टोकानं चष्म्याची काच पुसत होता. पत्रात नेहमीचंच होतं, दोन खोल्या, सकाळचा नाश्ता, विमानतळावर गाडी येईल, पोहण्याचा तलाव संध्याकाळी सातपर्यंत उघडा. शेवटी बारीक अक्षरात एक परिच्छेद होता, तोही तिनं त्याच सुरात वाचला. आपण निवडलेल्या काळात किनाऱ्यावर समुद्री शेवाळ मोठ्या प्रमाणात वाहून येते, ते साठून कुजू लागल्यास हवेत कुजक्या अंड्यांसारखा वास येऊ शकतो, पाहुण्यांनी कृपया नोंद घ्यावी. मुलीनं नाक दाबून तोंड वाकडं केलं. बायको हसली आणि म्हणाली, निदान सांगतात तरी बिचारे. त्याच्या हातातली काच तशीच राहिली. त्यानं नकळत श्वास आत ओढला. भाजलेल्या पावाचा वास होता, टेबलावरच्या मेणकापडाचा होता, मुलीच्या केसांना येणारा तरणतलावाच्या औषधाचा होता. सगळे जिथल्या तिथे होते. त्याला धीर आला आणि लगेच स्वतःची लाजही वाटली, कारण पत्र वाचल्यावर माणूस समुद्र डोळ्यांसमोर आणतो, आणि आपण आपल्याच घरात बसून नाक तपासतोय.

हे गेली दोन वर्षं चाललं होतं. सकाळी डोळे उघडले की तो आधी उशाशी ठेवलेली साबणाची वडी हुंगायचा. बायकोला त्यानं सांगितलं होतं की सर्दीचा त्रास आहे, डॉक्टर म्हणाले नाक जागं ठेवा. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते. तो शहराच्या सांडपाणी केंद्रात पाळीप्रमुख होता, वीस वर्षं त्या वासात काढलेला माणूस, आणि नवी माणसं कामावर आली की पहिल्या दिवशी त्यांना गोळा करून सांगायचं काम त्याचंच होतं. घाण साठून कुजली की एक वायू सुटतो. थोडा असला की कुजक्या अंड्यांसारखा येतो, माणूस नाक मुरडतो आणि बाजूला होतो. जास्त झाला की तो आधी नाकच मारतो. मग वाटतं, गेला वास, हवा मोकळी झाली. म्हणून वास येतोय तोवर भिऊ नका, वास येईनासा झाला की पळा. हे वाक्य तो ठरल्या जागी थांबून म्हणायचा, माणसं हसायची, आणि त्यांचं हसू ओसरेपर्यंत तो वाट बघायचा. चाळीस-पन्नास वेळा तरी म्हटलं असेल. गेली दोन वर्षं मात्र ते काम त्यानं दुसऱ्या पाळीच्या प्रमुखाकडे सरकवलं होतं, घसा बसतो म्हणून.

सहलीचा बेत त्याच्या नकळत शिजला होता. बायको दंतवैद्याकडे येणाऱ्यांच्या वेळा लावायचं काम करायची, आणि घरातलीही प्रत्येक गोष्ट चौकोनांत बसवून रंगीत पेन्सिलीनं भरायची तिला सवय होती. तिनं कॅलेंडरावर पंधरा दिवस हिरव्या रंगानं रंगवले आणि मग त्याला रजा टाकायला सांगितलं. आपण तिघं आणि वहिनी. वहिनी म्हणजे त्याच्या केंद्रातल्या मास्तरांची बायको. दोन वर्षांपूर्वी मास्तर वारल्यापासून बायकोनं त्यांना धरून ठेवलं होतं, बाजारात नेलं, दवाखान्यात नेलं, वाढदिवस लक्षात ठेवले, आणि आता समुद्रावर न्यायचं काढलं होतं. त्यानं रजेचा अर्ज केला तेव्हा त्याला वाटलं होतं, समुद्र म्हणजे वारा असणार, मोकळं असणार, एवढ्या उघड्यावर माणसाला कसली भीती. आता तो म्हणाला की डोंगरात जाऊ या, थंड हवा, मुलीलाही चालणं होईल. बायको म्हणाली की वहिनींना समुद्रच हवाय. मग दोन महिने पुढे ढकलू, तोवर शेवाळ संपेल, तो म्हणाला. बायकोनं पेन्सिल कानामागं खोचली आणि म्हणाली की तेही विचारून झालंय, वहिनींनी हेच दिवस सांगितलेत, याच पंधरवड्यात जायचं, त्या कधी नव्हे ते काही मागतायत. तिचा आवाज चढला नव्हता. पण तिनं त्याच्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, आणि त्यानं चष्मा पुन्हा पुसायला घेतला.

दुसऱ्या दिवशी कामावरून त्यानं हॉटेलला फोन लावला. पंपघरात आवाज फार, म्हणून तो प्रयोगशाळेच्या जिन्यात उभा राहिला. फोन घेणारा माणूस गोड बोलणारा आणि प्रामाणिक निघाला, जे त्याला अजिबात नको होतं. गेल्या आठवड्यात गुडघाभर होतं, तो म्हणाला, ट्रॅक्टर लावून उचलतो आम्ही, पण सकाळी उचललं की संध्याकाळी पुन्हा तेवढंच येतं. वास? येतो, साहेब, खोटं कशाला सांगू, पण दोन दिवसांत सवय होते, पाहुण्यांना मग जाणवतसुद्धा नाही. ‘जाणवत नाही म्हणजे काय?’ त्यानं एवढ्या जोरात विचारलं की जिन्यावरून जाणारी प्रयोगशाळेतली मुलगी थांबली. पलीकडचा माणूस गोंधळला. म्हणजे लक्षात येत नाही, तो माणूस म्हणाला. पुढचं न ऐकता त्यानं फोन ठेवला. त्याला नीट माहीत होतं की उघड्या किनाऱ्यावर तो वायू कुणाला मारत नाही, डोळे चुरचुरतात, डोकं दुखतं, फार तर दमेकऱ्यांना जड जातं. आकडे त्याला तोंडपाठ होते. पण आकडे डोक्यात होते आणि भीती गुडघ्यांत होती, आणि त्या दोघांची गाठ पडत नव्हती. त्या संध्याकाळपासून तो संगणकावर शेवाळाचा नकाशा बघू लागला. उपग्रहावरून काढलेलं रोजचं चित्र असायचं, निळ्या पाण्यावर तपकिरी पट्टे, काही नुसत्या रेघा, काही अख्ख्या तालुक्याएवढे. रोज ते थोडे सरकायचे. कुणी ढकलत नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं, ते आपले येत होते. त्यानं स्वतःशी मोजलं, हिरवे चौकोन सुरू व्हायच्या सुमारास ते बरोबर किनाऱ्याला लागणार.

मास्तर खरे तर फिटर. मास्तर हे नाव पडलं ते त्यांच्या लाल पेन्सिलीमुळे. केंद्रात कुठेही नवी पाटी लागली की ते तिच्यासमोर हात मागं बांधून उभे राहायचे आणि ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करायचे. सांडपाणी जिथे साठतं त्या पंपाच्या विहिरीच्या झाकणाजवळ ‘परवानगीशीवाय खाली ऊतरू नये’ असं कुणी रंगवून गेलं होतं, त्यातल्या दोन्ही चुकांना मास्तरांनी लाल फुल्या मारल्या होत्या. साहेब रागावले तेव्हा ते म्हणाले, अशुद्ध पाटीवर विश्वास कोण ठेवणार? सात वर्षांनी मोठे असून ते त्याला अहो-जाहो करायचे, कारण पाळीप्रमुख तो होता. डबा खाताना मात्र त्याच्या बोलण्यातल्या चुका काढायचे. त्या दिवशी आदल्या रात्रीच्या पावसाचं पाणी शहरभरातून येत होतं आणि दोन नंबरचा पंप चिंध्या अडकून सारखा बंद पडत होता. वरून फोनवर फोन येत होते. विहिरीचं झाकण त्यानं आणि मास्तरांनी मिळून सरकवलं, आणि भपकन वास आला, नेहमीपेक्षा उग्र. दोघंही मागं सरले. नियम असा की आधी वायूचं मीटर दोरीनं आत सोडायचं, वर, मध्ये आणि तळाशी थांबवायचं, तीन आकडे वहीत लिहायचे, आणि उतरणाऱ्यानं पट्टा लावायचा, ज्याचा दोर वरच्या माणसाच्या हातात. मीटर प्रयोगशाळेत चार्जिंगला लावलेलं होतं. जाऊन यायला दहा मिनिटं. पट्टा भांडारात, आणि भांडारवाला बाहेर गेलेला. तेवढ्यात पुन्हा फोन वाजला. तो बोलून परत आला, झाकणाशी वाकला, आणि वास नव्हता. त्याला अजून आठवतं की त्याला बरं वाटलं होतं. अगदी साधं, अंगावरून ओझं उतरल्यासारखं बरं. ‘गेला वास, मास्तर,’ तो म्हणाला. मास्तर म्हणाले, भांडाराचं कुलूप तोडून पट्टा आणू का? आणि तो म्हणाला, दोन मिनिटांचं काम आहे. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि उतरले. सहाव्या पायरीवर त्यांचा हात सुटला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर पुढची दोन वर्षं निदान तो आवाज तरी त्याच्या सोबतीला असता.

आणि मग लोक धावत आले, कुणी दोर आणला, कुणी अग्निशमनवाल्यांना फोन केला, आणि त्या धावपळीत तो आपल्या खोलीत गेला. का गेला ते त्याला तेव्हा माहीत नव्हतं, पाय घेऊन गेले. टेबलावर वही होती. त्यानं तारीख घातली, वेळ घातली आणि तीन चौकोनांत तीन शून्यं काढली. सुबक, गोल, एकसारखी. सही केली. मग बाहेर आला. चौकशी करणाऱ्यांनी ती वही पाहिली आणि लिहिलं की तपासणीच्या वेळी वायू नव्हता, गाळ हलल्यामुळे अचानक सुटला असावा, आणि मृत कर्मचाऱ्यानं सुरक्षापट्टा न लावता घाईनं उतरण्याचा निर्णय घेतला. त्याखाली साक्षीदार म्हणून त्याची सही होती. कुणालाच शिक्षा झाली नाही. सगळे त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले की तुझा काय दोष. तो दोन आठवडे आजारी होता, आणि तेही लोकांना साहजिकच वाटलं.

वहिनी तेव्हा रडल्या नव्हत्या, चिडल्या होत्या. त्या घरी बसून कपडे बेतून द्यायच्या, दोन खोल्यांत कापडाच्या घड्या, गळ्यात सदा टेप. तो दर महिन्याला काही ना काही दुरुस्त करायला जायचा, कधी नळाचा वॉशर, कधी खिडकीची खिटी, कधी काहीच नसलं तर शिवणयंत्राला तेल घालायला. वहिनी चहा ठेवायच्या आणि कापड कापता कापता मास्तरांवर बोलायच्या. चप्पल घालताना घाई, जेवताना घाई, पाट्या वाचायला मात्र वेळच वेळ. एक पट्टा लावायचा होता, भाऊजी, एक पट्टा, लहान मूलसुद्धा ऐकेल. तो नळाखाली वाकलेला असायचा. पान्हा फिरवत राहायचा, वॉशर बसल्यावरही फिरवत राहायचा. मास्तर घाई करणारे नव्हते. अख्ख्या केंद्रात सगळ्यांत सावकाश माणूस. हे वहिनींना त्याच्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं, पण एका कागदावर घाई हा शब्द लिहिला गेला आणि तीस वर्षांचा संसार त्या शब्दाप्रमाणे पुन्हा आठवला जाऊ लागला. घरी येताना तो प्रत्येक वेळी ठरवायचा, पुढच्या महिन्यात सांगू. पुढच्या महिन्यात पुन्हा काहीतरी गळत असायचं.

शेवाळाचे पट्टे नकाशावर किनाऱ्यापासून दोन बोटांवर आले तेव्हा त्यानं एक दिवस केंद्रातलं खिशाला लावायचं छोटं मीटर पिशवीत घालून घरी आणलं. प्रवासात सोबत असलेलं बरं, असं त्यानं मनाशी म्हटलं, आणि मग त्याला दिसलं की आपण समुद्रावर, छत्रीखाली, बायको-मुलीच्या मधोमध मीटर धरून बसलोय आणि समोरच्या खुर्चीत वहिनी आहेत. त्या नाकाला पदर लावतील आणि सहज विचारतील, हाच का हो तो? या प्रश्नाचीच त्याला भीती होती, हे त्याला तेव्हा पहिल्यांदा स्वच्छ कळलं. वायूची नव्हती. मुलीनं पिशवीतून मीटर काढलं आणि विचारलं की हे काय आहे. त्यानं सांगितलं. तिनं बटण दाबलं, ते दोनदा टिकटिकलं आणि पडद्यावर शून्य उमटलं. ‘बाबा, शून्य म्हणजे चांगलं ना?’ तिनं विचारलं. तिनं ते मीटर स्वयंपाकघरात नेलं, न्हाणीघरात नेलं, त्याच्या तोंडाजवळ धरलं, आणि प्रत्येक ठिकाणाहून हसत ओरडून सांगत राहिली, शून्य, शून्य, शून्य. तो उठला आणि त्यानं ते तिच्या हातातून हिसकावून घेतलं. आजवर त्यानं तिच्यावर कधी हात उगारला नव्हता, आणि तेव्हाही उगारला नाही, पण ती अशी मागं सरली की जणू उगारलाच होता. बायको दारात येऊन उभी राहिली. तिनं मुलीला जवळ ओढलं आणि त्याच्या हातातल्या मीटरकडे पाहिलं.

शनिवारी सकाळी वहिनी शेवटचं ठरवायला आल्या. हॉटेलला त्या दिवशी पक्कं कळवायचं होतं. बायको मुलीला पोहण्याच्या वर्गातून आणायला गेली, अर्ध्या तासात येते म्हणाली, तोवर तुम्ही दोघं खोल्या कुठल्या ते बघा. संगणकावर नकाशा उघडाच होता. वहिनी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसल्या. बराच वेळ त्या तपकिरी पट्ट्यांकडे बघत होत्या, कापडावरचा डाग धुतल्यावर निघेल की नाही हे बघावं तशा.

‘भाऊजी, तुम्हाला या दिवसांत जायचं नाही, असं ही म्हणत होती.’

तो म्हणाला की तसं काही नाही, मुलीला वासाचा त्रास होईल एवढंच.

‘मला शेवाळाचं आधीच माहीत होतं,’ वहिनी म्हणाल्या. ‘पेपरात वाचलं होतं. म्हणून तर हे दिवस मागितले.’

त्याला समजलं नाही. मग त्या सांगू लागल्या, त्याच्याकडे न बघता, टेपचं टोक बोटाला गुंडाळत. चौकशीच्या कागदात त्या वायूचं नाव होतं. नावानं काय कळतं? मास्तरांचे त्या दिवसाचे कपडे त्यांना दिले नव्हते, जाळून टाकले म्हणाले. तीस वर्षं त्या माणसाचे कपडे त्यांनी शिवले, धुतले, आणि शेवटचे तेवढे बघितले नाहीत. केंद्रात येऊ देतील का म्हणून विचारलं, तर नियमात बसत नाही म्हणाले. मग पेपरात आलं की या शेवाळाला तोच वास येतो. एकदा घ्यायचा होता. शेवटी त्यांच्या श्वासात काय गेलं, तेवढं कळलं असतं. तुमच्या बायकोला हे कसं सांगू, तिला वाटतंय मी हवापालटाला येतेय.

‘तोच होता ना?’ त्यांनी विचारलं. ‘तुम्ही होतात तिथे.’

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी मागं घेत होतं. त्याच्या डोक्यात एक जागा अगदी स्वच्छ होती. हो म्हटलं की झालं. हो, तोच. मग त्या समुद्रावर जातील, वास घेतील, रडतील, बायको त्यांना जवळ घेईल, आणि आपण छत्री सरळ करू. पुढचा महिना, त्याच्या पुढचा महिना. दोन वर्षं त्याला वाटत होतं की सांगायच्या क्षणी आपण रडू, पायांवर पडू. पण तोंडातून आलं ते कामावर निरोप द्यावा तसं आलं.

‘शेवटी वास नव्हता, वहिनी. आधी होता. मग येईनासा झाला. तेव्हाच पळायचं असतं, हे सगळ्यांना मीच शिकवायचो. आणि मीच म्हणालो की गेला वास.’

त्यानं पुढचं सांगितलं, मीटर चार्जिंगला होतं ते, फोन वाजत होता ते, वहीतली शून्यं कधी लिहिली ते. सांगताना तो टेबलाच्या कडेकडे बघत होता. त्यानं एकही गोष्ट गाळली नाही, कारण एक गाळली तर बाकीच्यांना अर्थ उरणार नव्हता.

‘आणि पट्टा?’ वहिनींनी विचारलं.

‘त्यांनी विचारलं होतं. कुलूप तोडून आणू का म्हणाले. मी नको म्हणालो. त्यांना घाई नव्हती, वहिनी. घाई मला होती.’

वहिनींच्या बोटाभोवती टेप इतका घट्ट बसला होता की बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. त्यांनी तो सावकाश सोडवला.

‘दोन वर्षं मी त्यांच्याशी भांडतेय,’ त्या म्हणाल्या. ‘रोज. भांडी घासताना, मशीन चालवताना. एवढंही ऐकलं नाहीत म्हणून. आणि ते उत्तर देत नाहीत, म्हणून आणखी.’

त्याला वाटलं आता त्या ओरडतील, काहीतरी फेकतील, आणि तो त्याची वाट बघू लागला, जवळजवळ हावरटासारखी. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी विचारलं की हे सगळं तो केंद्रात लिहून देईल का, सही करून, आणि तो कागद मास्तरांच्या चौकशीच्या कागदासोबत लागेल का, तो घाईचा शब्द खोडला जाईल का. तो हो म्हणाला. नोकरी जाईल, त्या म्हणाल्या. विचारत नव्हत्या, बजावत होत्या. तो पुन्हा हो म्हणाला. कदाचित आणखीही काही होईल. हो. मग त्यांनी टेपची गुंडाळी करून टेबलावर ठेवली. त्याला त्यांच्याकडे बघवत नव्हतं आणि उठून जाण्याचा अधिकारही नव्हता. भीती गेली नव्हती. उलट आता तिला नावं मिळाली होती, साहेबांची खोली, पोलिसांचं टेबल, मुलीची शाळा, आणि प्रत्येक नावापाशी जाऊन त्याला उभं राहायचं होतं.

कुलपात किल्ली फिरली. बायको आणि मुलगी आत आल्या, मुलीच्या ओल्या केसांतून फरशीवर पाणी ठिबकत होतं. बायकोनं पिशवी खाली ठेवली आणि विचारलं, ‘मग, ठरलं का?’

‘ठरलं,’ वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज बसला होता. ‘जाणं आत्ता नाही व्हायचं. यांना इथे काम आहे.’ भाऊजी त्या म्हणाल्या नाहीत.

बायकोनं आधी त्यांच्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. कसलं काम, तिनं विचारलं, रजा तर मंजूर झालीय. वहिनी उठल्या. त्यांनी खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल घेतला, मुलीच्या डोक्यावर टाकला, आणि तिला खांद्याला धरून आतल्या खोलीत नेलं. चल, केस पुसून देते, सर्दी होईल. जाताना त्यांनी मागं दार लोटून घेतलं.

बायको अजून उभीच होती. त्यानं तिच्यासाठी खुर्ची मागं ओढली.

‘बस,’ तो म्हणाला. ‘सांगतो.’